पाण्याच्या वाटेने कान्हेरी : एका अभ्याससहलीची पूर्वतयारी

बोरिवली स्थानकातून पूर्वेस बाहेर पडून महामार्ग ओलांडला की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार लागते. मुंबई उपनगर आणि ठाणे या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे १०३ चौरस किलोमीटर पसरलेले हे अरण्य पूर्वी कृष्णगिरी आणि नंतर बोरिवली राष्ट्रीय उद्यान या नावांनी ओळखले जात असे. एवढ्या मोठ्या महानगराच्या कुशीत बिबट्याचा मुक्त वावर असलेले जंगल असावे, ही गोष्ट जगात फार थोड्या ठिकाणी पाहावयास मिळते. येथे येणारा माणूस बहुधा तीन गोष्टींसाठी येतो : प्राणी पाहावयास, पावसाळ्यात धबधब्यांचा आनंद घ्यावयास आणि कान्हेरीची लेणी पाहावयास. शाळांच्या सहलीही याच क्रमाने आखल्या जातात. सकाळी वनराणीची छोटी आगगाडी, मग पिंजऱ्याच्या गाडीतून वाघ-सिंहांचे दर्शन, दुपारी लेणी आणि वेळ उरल्यास ओढा.

आमच्या विद्यार्थ्यांची सहल आखताना आम्ही हा क्रम मोडतो. या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून अलग करून पाहिल्या, तर तिन्ही अर्धवटच कळतात, असा आमचा अनुभव आहे. त्यांना जोडणारा धागा पाण्याचा आहे. डोंगरावर पडणारा पाऊस कोठून उतरतो, कोठे थांबतो, कोणासाठी थांबतो, एवढ्या एकाच प्रश्नाचा माग काढीत दिवसभर हिंडले की लेणी, धबधबा आणि बिबट्या यांचा संबंध आपोआप उलगडू लागतो. माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे ही पद्धत ठेवण्यासाठी हा लेख आहे. तो वाचून एखाद्या कुटुंबाने आपल्या मुलांना या रीतीने कान्हेरी दाखविली, तर आम्हांस आनंद होईल.

प्रारंभी भूगोल थोडक्यात सांगतो. उद्यानाच्या पोटात विहार आणि तुळशी असे दोन तलाव आहेत. विहार तलाव १८६० मध्ये पूर्ण झाला, तुळशी १८७९ मध्ये. वाढत्या मुंबईची तहान भागविण्यासाठी इंग्रजी अमलात ते बांधले गेले आणि आजही त्यांचे पाणी शहराला मिळते. दहिसर नदी या अरण्यातच उगम पावते. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यावरून वाहणारे पाणी मिठी नदीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीने शहराला आपले अस्तित्व दाखवून दिले, तेव्हा अनेक मुंबईकरांना आपल्या शहरात नदी आहे हे प्रथमच कळले. मुलांना नकाशावर या नद्यांच्या रेषा बोटाने काढावयास सांगाव्यात. बोट उलट दिशेने नेले की ते या डोंगरावरच येऊन थांबते.

आता कान्हेरी. 'कृष्णगिरी' म्हणजे काळा डोंगर. प्राकृत शिलालेखांत त्याचे रूप 'कण्हसेल' असे येते आणि त्यावरूनच आजचे नाव रूढ झाले. ज्वालामुखीजन्य खडकाच्या एका प्रचंड टेकाडात शंभरांहून अधिक लेणी कोरलेली आहेत. इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपास काम सुरू झाले आणि इसवी सनाच्या दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत येथे वस्ती टिकून होती. म्हणजे सुमारे एक हजार वर्षे भिक्खुसंघाने या एका टेकडीवर वास्तव्य केले. अजिंठ्यास रंगांचे वैभव आहे, वेरुळास भव्यतेचे आहे. कान्हेरीचे वैभव निराळे आहे. इतकी माणसे इतका काळ एकत्र राहिली, शिकली आणि नांदली, हे येथे दगडावर वाचता येते.

अशी वस्ती नांदावयाची तर पहिली गरज पाण्याची. कोकणात चार महिने पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने उघड्या कातळावर थेंबही राहत नाही. म्हणून लेण्यापाशी पोचल्यावर मुलांना मूर्तीकडे नेण्यापूर्वी आम्ही वर पाहावयास सांगतो. माथ्यावरच्या खडकात बारीक पन्हळी कोरलेल्या दिसतात. पावसाचे पाणी लेण्याच्या दर्शनी भागावरून न गळता त्या पन्हळींतून बाजूला वळते आणि अंगणाच्या कडेच्या टाक्यात उतरते. टाक्याचे तोंड अरुंद ठेवलेले असते. त्यामुळे वाफ कमी होते, पालापाचोळा आत पडत नाही, पाणी गार राहते. लहान विहारांची रचना बहुतेक एकसारखी आहे : पुढे छोटे अंगण, मग ओसरी, आत खोली, निजावयास दगडी ओटा आणि दाराशी स्वतःचे टाके. टेकडीवर चढत जावे तसतशी ही टाकी मोजावीत. मोजता मोजता मुले दमतात आणि मग त्यांच्यापैकीच कोणी तरी म्हणते की येथे तर घरोघरी नळ होता! या वाक्यानंतर आम्हांला फारसे शिकवावे लागत नाही. ओढ्याच्या पात्रात जुन्या बांधाचे अवशेषही आहेत. एकेका कुटीपुरते पाणी साठवून ही मंडळी थांबली नव्हती, एकंदर वस्तीसाठी त्यांनी ओढाही अडविला होता.

टाक्याला शिलालेखांत 'पोढी' म्हणतात. 'पाणियपोढी' म्हणजे पिण्याच्या पाण्याचे टाके. कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांत लेण्यांच्या दानाबरोबर पोढींच्या दानाच्याही नोंदी आहेत आणि त्या वाचताना दाते कोण होते हे कळते. कल्याण, सोपारा, चेऊल, नाशिक या गावांची नावे येतात. व्यापारी येतात, सोनार येतो, जवाहिऱ्या येतो, भिक्खुणी येतात. कल्याणच्या एका लोहाराने तर वाट बांधून दिल्याची नोंद आहे. ज्याची ऐपत लेणे कोरविण्याची नव्हती त्याने टाके दिले, ज्याला टाकेही जमले नाही त्याने पायवाट दिली. राजांच्या नावांपेक्षा या लोहाराचे दान आम्ही मुलांना आवर्जून सांगतो, कारण आपल्यासारख्या संस्था कोणाच्या जोरावर उभ्या राहतात हे त्यातून त्यांना लगेच उमगते.

काही लेखांत 'अक्षयनीवी' हा शब्द भेटतो. मूळ रक्कम किंवा शेत तसेच राखावयाचे आणि केवळ उत्पन्नातून भिक्खूंची चीवरे व इतर गरजा भागवावयाच्या, अशी ती कायम ठेव असे. अशा एका दानातील शेत 'मंगलठाण' या गावी होते. अभ्यासक हे गाव म्हणजे आजचे बोरिवलीजवळील मागाठाणे मानतात. नवव्या शतकातील, शिलाहार राजा कपर्दीच्या काळच्या एका लेखात दानाच्या रकमेतून विहाराची दुरुस्ती, चीवरे आणि पुस्तके यांसाठी वेगवेगळे द्रम्म नेमून दिले आहेत. पुस्तकांसाठीही! वसतिगृहाच्या अंदाजपत्रकात ग्रंथालयाची बाब शेवटी टाकणाऱ्या प्रत्येकाने हा लेख पाहून यावा, असे आम्हांस (थोडे हसत) सुचवावेसे वाटते.

लेणी सर्व पाहून होत नाहीत आणि तसा हट्टही धरू नये. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह चुकवू नये. यज्ञश्री सातकर्णीच्या काळात, दुसऱ्या शतकात, दोन व्यापारी बंधूंच्या दानातून ते उभे राहिले. रचना कार्ल्याच्या चैत्याच्या वळणाची आहे, आकार लहान आहे. ओसरीच्या दोन्ही टोकांस असलेल्या सुमारे ७ मीटर उंचीच्या उभ्या बुद्धमूर्ती पुढच्या काळातील आहेत. त्यांच्या पायाशी उभे राहिले की मोठी माणसेही बोलणे थांबवितात. अकराव्या लेण्यास लोक 'दरबार' म्हणतात, पण तेथे दरबार कधी भरला नसावा. दोन लांबलचक, बुटके दगडी बाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आहेत. संघाने ओळीने बसून पाठ करावा वा भोजन घ्यावे अशी ती सोय दिसते. आमची मुले आत शिरताच ओळीने बसतात, त्यांना कोणी सांगावे लागत नाही. एक्केचाळिसाव्या लेण्यातील अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आणि नव्वदाव्या लेण्यातील पहलवी लेख हे वर चढण्याची तयारी असलेल्यांसाठी आहेत. इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये येथे आलेल्या पारशी प्रवाशांनी आपली नावे तेथे कोरून ठेवली. ती वाचून एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारतोच की मग आम्ही नाव कोरले तर काय बिघडले? त्याचे उत्तर शिक्षकाने घरूनच तयार ठेवावे. ही लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहेत आणि १९५८ च्या कायद्याने त्यांवर काहीही कोरणे वा रंगविणे हा गुन्हा आहे, हे सांगणे पुरेसे होत नाही. त्या काळी भिंत मोकळी होती, आता तीच भिंत पुरावा झाली आहे, असे सांगितले म्हणजे पटते.

येथे समाजबांधवांशी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. श्रद्धेने येणारी आपली माणसे स्तूपाशी आणि मूर्तींपाशी मेणबत्त्या व उदबत्त्या लावतात. त्यांचा हेतू शुद्ध असतो. परंतु मेण दगडाच्या छिद्रांत शिरते, काजळी बसते आणि ती काढण्यासाठी घासावे लागले की कोरीव कामच झिजते. चौतिसाव्या लेण्याच्या छतावर बुद्धचित्राचा एक अपुरा अवशेष आहे. तसा रंग कधीकाळी इतरत्रही असणार. तेथे हात जोडून स्तब्ध बसावे, सुत्तपठण करावे. धूर करू नये.

पावसाळ्याविषयी पालकांच्या मनात सर्वाधिक शंका असतात. लेणी दाखवायची तर हिवाळ्यात न्या, पावसात मुलांना जंगलात कशाला नेता, असे आम्हांला दरवर्षी विचारले जाते. काळजी खोटी नाही आणि तिचे उत्तर आम्ही पुढे देतो. तथापि कान्हेरी पावसातच का पाहावी, याचे कारण विनयात आहे. आषाढी पौर्णिमेनंतर तीन महिने भिक्खूंनी एका जागी वर्षावास करावा, असा नियम भगवंतांनी घालून दिला. पावसात हिंडणारे भिक्खू कोवळे गवत तुडवितात, लहान जीव चिरडतात, अशी लोकांनी तक्रार केली, तेव्हा हा नियम झाला. म्हणजे ज्या महिन्यांत आपण धबधब्यासाठी घराबाहेर पडतो, नेमके त्याच महिन्यांत, उगवत्या हिरवळीस धक्का लागू नये म्हणून, ते आत बसत. ओसरीत बसून मुलांनी समोरच्या कातळावरून उतरणारे पाणी अर्धा तास न बोलता पाहावे. टाकी भरू लागलेली दिसतात, पन्हळींची शिस्त कळते, दोन हजार वर्षांपूर्वीची ती व्यवस्था काही ठिकाणी अजून काम करताना दिसते. हिवाळ्यात हाच पाठ चित्रावरून शिकवावा लागतो.

विनयातील आणखी काही नियम या ठिकाणी जिवंत होतात. भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळावयाचे वस्त्र आहे. पाण्यात जीव आहेत हे माहीत असूनही ते वापरणे हे पाचित्तियांत मोडते. हिरवळीवर किंवा पाण्यात थुंकू नये, मलमूत्र करू नये, हा सेखियांतील नियम आहे. अरण्यात कसे वागावे यासाठी आम्हांला वेगळे माहितीपत्रक छापावे लागत नाही. हे नियम एका कागदावर लिहून मुलांच्या हाती दिले की पुरते.

आता काळजीचे उत्तर. कान्हेरीच्या ओढ्यात उतरू देऊ नये, पोहू तर मुळीच देऊ नये. तेथे मनाई आहेच आणि तिचे कारण प्रत्येकाने समजून घ्यावे. वरच्या बाजूस जोराची सर आली की खाली ऊन असतानाही काही मिनिटांत पाणी चढते. कातळावर शेवाळ असते, पाय घसरला की धरावयास काही नसते. वीस मुलांमागे एक मोठा माणूस पुरत नाही, दहांमागे एक असावा. भरतीच्या दिवशी अतिवृष्टीचा इशारा असेल तर सहल पुढे ढकलावी, कारण जंगल सुरक्षित राहिले तरी परतीची लोकल बंद पडते. शिलोंड्याच्या वाटेवर ओढ्याच्या काठाने सुंदर अरण्य दिसते, पण तेथे वनविभागाच्या परवानगीने आणि जाणकाराबरोबरच जावे.

सापांविषयी एक गोष्ट मुलांना सांगण्याजोगी आहे. सर्पदंशाने एक भिक्खू मरण पावला, तेव्हा बुद्धांनी सर्पकुलांविषयी मैत्रीभावना करावयास शिकविले. तेच खंधपरित्त आजही विहारांत म्हटले जाते. त्याबरोबर बूट घालणे आणि पाय टाकण्यापूर्वी पाहणे हेही आलेच.

वन्यप्राणी पाहावयास मिळतील का, हा प्रश्न मुलांचा आणि दिसले तर काय, हा पालकांचा. चितळ आणि वानरे हमखास दिसतात. सांबर, भेकर, रानडुक्कर दिसले तर नशीब. तुळशी आणि विहार तलावांत मगरी आहेत. पक्ष्यांच्या अडीचशेहून अधिक जातींची नोंद या उद्यानात आहे. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते, २०१६ नंतर ती २०२४ मध्ये फुलली. आज सहावीत असलेल्या विद्यार्थ्यास पुढचा बहर कॉलेजात गेल्यावर पाहता येईल. पिंजऱ्याच्या गाडीतून दिसणारे वाघ-सिंह बंदिस्त जागेतले आहेत, या अरण्यात मोकळा वाघ नाही. या अरण्याचा धनी बिबट्या. २०१८ मध्ये कॅमेऱ्यांच्या साहाय्याने केलेल्या पाहणीत उद्यान व लगतच्या परिसरात ४७ बिबटे नोंदले गेले. भोवती लक्षावधी माणसे राहत असताना ही संख्या थक्क करणारी आहे.

या सहवासाचा इतिहास सरळ नाही. २००४ मध्ये उद्यानाच्या सीमेवरील वस्त्यांत बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे, विशेषतः लहान मुले, बळी पडली. तेव्हाचा सर्वमान्य उपाय बिबटे पकडून दूर सोडण्याचा होता आणि बाहेर पकडलेले बिबटे येथे आणून सोडले जात. डॉ. विद्या अत्रेय यांनी जुन्नर परिसरात केलेल्या अभ्यासातून असे पुढे आले की, आपल्या ओळखीच्या मुलखातून उचलून परक्या ठिकाणी सोडलेला बिबट्या शांत होत नाही, उलट जेथे सोडला तेथे संघर्ष वाढतो. (जुन्नरही लेण्यांचाच तालुका आहे, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.) त्यानंतर धोरण बदलत गेले. पकडण्याऐवजी वस्त्यांत जाऊन समजावणे, रात्री दिवे, शौचालये आणि कचऱ्याची विल्हेवाट यांवर भर आला. कचरा साठला की भटकी कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. सहलीत उरलेली भाजी-पोळी झुडपात टाकणारा विद्यार्थी या साखळीची पहिली कडी जोडत असतो. म्हणून डबे जसे भरलेले येतात तसेच, उष्ट्यासह, परत जावेत. वानरांना काहीही देऊ नये. बिबट्या बहुधा रात्री हिंडतो, दिवसा घोळक्याने बोलत चालणाऱ्या माणसांपासून तो दूर राहतो. तरीही लहान मुलांना एकटे मागे राहू देऊ नये आणि सायंकाळ होण्याआधी बाहेर पडावे. समोर आलाच, तर पळू नये, खाली बसू नये, पाठ न फिरविता हळूहळू मागे सरावे.

उद्यानाच्या आत वारली आणि इतर आदिवासी समाजांचे पाडे आहेत. जंगल 'राष्ट्रीय उद्यान' होण्याच्या कितीतरी आधीपासून ते तेथे आहेत आणि वाघोबाला पूजतात. बिबट्यासह जगण्याची रीत शहराला आज शिकवावी लागते आहे, ती त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. संरक्षणाच्या नावाखाली त्यांच्याच घरांवर टांगती तलवार राहिली, ही बाब कोणत्याही अभ्याससहलीने टाळू नये. ज्यांच्या आजोबांना गावकुसाबाहेर राहावे लागले, त्या घरांतील मुलांना हा प्रश्न समजावयास वेळ लागत नाही. पाड्यांत मात्र प्रेक्षक म्हणून शिरू नये, छायाचित्रे काढू नयेत.

व्यवस्थेच्या चार गोष्टी सांगून लेख आटोपता घेतो. उद्यान सोमवारी बंद असते. प्रवेशद्वारापासून लेणी सुमारे सहा किलोमीटर आत आहेत, बसने जाता येते. सकाळी लवकर पोचावे. उद्यानात प्लॅस्टिकच्या पिशव्या नेऊ नयेत, प्रत्येकाने धातूची बाटली न्यावी आणि ती घरूनच भरून न्यावी. वही-पेन्सिल हवी, मोबाइल शिक्षकांपाशी राहावेत. प्रत्येक विद्यार्थ्याने टेकडीचा एक नकाशा काढावा आणि त्यात फक्त पाण्याच्या वाटा दाखवाव्यात : पन्हळी, टाकी, ओढा, बांध. लेण्यांची नावे नंतर भरावीत.

परतताना तासभर हाताशी असेल, तर मागाठाण्यास उतरावे. आज ते मेट्रोचे एक स्थानक आहे. तेथेही जुनी बौद्ध लेणी आहेत. चहूबाजूंनी वस्तीने वेढलेली, झिजलेली, शोधावी लागणारी. ज्या गावच्या शेताचे उत्पन्न कान्हेरीच्या भिक्खूंसाठी दिले गेले, ते गाव हेच. शेत कोणत्या बाजूस असेल, याचा अंदाज नकाशा उघडून मुलांनाच बांधू द्यावा.